वॉशिंग्टनचा बेल्टवे : निम्म्या कड्याला दोन क्रमांक आणि निम्म्याला एकच, असे का?

नवखा_प्रवासी

नोकरीनिमित्त व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे राहायला आल्यापासून वॉशिंग्टन शहराभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाशी, म्हणजे कॅपिटल बेल्टवेशी, रोजचा संबंध येतो. मात्र त्याच्या क्रमांकांची संगती मला अद्याप लागलेली नाही. पूर्वेकडच्या भागात फलकांवर ९५ आणि ४९५ असे दोन्ही क्रमांक असतात, पश्चिमेकडच्या भागात केवळ ४९५ असतो. माझ्या घराजवळच्या एक्झिटचे क्रमांक १७६ आणि १७७ आहेत, परंतु नदीवरचा पूल ओलांडून मेरीलँडमध्ये शिरले की पुढचे एक्झिट २, ३ आणि ४ असे सुरू होतात. शिवाय रिचमंडकडून आय-९५ ने (‘आय’ म्हणजे इंटरस्टेट, आंतरराज्य महामार्ग) उत्तरेला येणाऱ्या माणसाने बेल्टवेवरच्या स्प्रिंगफील्डला काहीही न करता सरळ गाडी हाकली, तर तो आय-९५ वर राहत नाही, आय-३९५ वर जातो. ९५ वर राहायचे असेल तर त्याला वळावे लागते.

ही रचना मुळात अशीच होती की पुढे कोणी बदलली? बदलली असल्यास कारण भूगोलाचे होते की राजकारणाचे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

पुणेरी_पाटी

एका रस्त्याला दोन क्रमांक असणे हे श्रीमंत देशाचे लक्षण आहे. आमच्याकडे दोन रस्त्यांना मिळून एक क्रमांक असतो आणि त्यावरही वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागलेला असतो.

पोटोमॅककाठ

रचना मुळात अशी नव्हती. सुरुवातीपासून सांगतो.

या रस्त्याचा मेरीलँडमधील पहिला छोटा तुकडा १९५७ साली खुला झाला. पुढे १९६१ च्या डिसेंबरात दक्षिणेकडचा वुड्रो विल्सन पूल आणि १९६२ च्या अखेरीस वायव्येकडचा पूल, ज्याला त्या वेळी केबिन जॉन पूल म्हणत आणि १९६९ पासून अमेरिकन लीजन पूल म्हणतात, असे पोटोमॅक नदीवरचे दोन्ही पूल पूर्ण झाले. शेवटचा तुकडा जोडून १७ ऑगस्ट १९६४ रोजी वर्तुळ बंद झाले. एकूण लांबी सुमारे ६४ मैल भरते. त्यांपैकी ढोबळमानाने ४२ मैल मेरीलँडमध्ये आणि २२ मैल व्हर्जिनियात आहेत. विल्सन पुलाचा मधला अगदी चिमुकला भाग वॉशिंग्टन शहराच्या हद्दीतून जातो, म्हणजे ज्या शहरासाठी हा रस्ता बांधला त्या शहराच्या वाट्याला त्यातला जेमतेम दहावा हिस्सा मैल आला आहे.

वर्तुळ पूर्ण झाले तेव्हा संपूर्ण कड्याला एकच क्रमांक होता, आय-४९५. मग ९५ कुठे होता? फ्लोरिडातील मायामीपासून मेन राज्यातील कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे १,९०० मैल धावणारा आय-९५ हा वॉशिंग्टनला वळसा घालून नव्हे, तर थेट शहराच्या पोटातून जाणार होता. स्प्रिंगफील्डहून शर्ली हायवेने फोर्टीन्थ स्ट्रीटच्या पुलावर, तेथून शहराच्या नैर्ऋत्य भागातील फ्रीवेवर, मग कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, पश्चिमेकडील बोगद्यातून उत्तरेकडे आणि पुढे ईशान्येला कॉलेज पार्कपाशी पुन्हा बेल्टवे गाठून बाल्टिमोरकडे, असा तो बेत होता. दक्षिणेकडचा अर्धा भाग बांधून झाला. उत्तरेकडचा अर्धा कधीच झाला नाही. तुम्ही ज्या सरळ रस्त्याने नकळत ३९५ वर जाता, तोच मूळचा ९५ आहे. म्हणून तो सरळ आहे.

मोजपट्टी

पोटोमॅककाठ यांनी सांगितलेल्या इतिहासाला क्रमांकांच्या नियमांची जोड दिली तर चित्र स्पष्ट होईल. आंतरराज्य महामार्गांत विषम दोन आकडी क्रमांक दक्षिणोत्तर रस्त्यांना आणि सम क्रमांक पूर्व-पश्चिम रस्त्यांना देतात; विषम क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात, म्हणून ९५ हा पूर्व किनाऱ्याचा रस्ता आहे. तीन आकडी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे मूळ रस्ता दाखवतात. पहिला आकडा सम असेल तर तो रस्ता सामान्यतः वळसा घालून पुन्हा महामार्गाला मिळतो आणि विषम असेल तर तो एका टोकाला सुटून शहरात शिरतो.

या नियमाने पाहिले तर ४९५ म्हणजे ९५ चा वळसा आणि ३९५ म्हणजे ९५ ची शहरात शिरून न्यूयॉर्क ॲव्हेन्यूपाशी थांबणारी शाखा. १९७७ साली शहरातून जाणारा ९५ अधिकृतपणे रद्द झाला, तेव्हा तुटलेली दोन टोके जोडण्यासाठी ९५ हा क्रमांक बेल्टवेच्या पूर्व भागावर नेण्यात आला आणि शहरातील बांधून झालेल्या भागाला ३९५ म्हटले जाऊ लागले. पूर्व भागातून त्या वेळी ४९५ हा क्रमांक चक्क काढून टाकण्यात आला होता. दोन क्रमांकांची जोडी नंतर, १९९१ साली आली.

मेथीची_जुडी

त्या मधल्या काळाची मी साक्षीदार आहे, म्हणून लिहिते. आम्ही १९८० च्या दशकात सिल्व्हर स्प्रिंगला राहायला आलो, तेव्हा पूर्वेकडे केवळ ९५ च्या पाट्या होत्या आणि पश्चिमेकडे केवळ ४९५ च्या. बोलताना मात्र सगळे लोक संपूर्ण रस्त्याला बेल्टवेच म्हणत, त्यामुळे स्थानिकांचे काही अडत नसे. अडत असे ते बाहेरगावाहून येणाऱ्यांचे. गणपतीच्या कार्यक्रमाच्या आमंत्रणावर कोणीतरी “४९५ ने पूर्वेकडे येऊन लान्हमला उतरावे” असे छापायचे आणि न्यू जर्सीहून आलेली मंडळी, ४९५ ची पाटी जिकडे आहे तिकडे, म्हणजे नेमकी पश्चिमेला, बेथेस्डाकडे निघून जायची. मग मोबाइल फोनशिवायच्या त्या दिवसांत आरती कोणासाठी थांबवायची आणि किती वेळ, यावर यजमानांमध्ये वाद होत. पुढे त्याच लान्हमला शिव-विष्णू मंदिर उभे राहिले आणि तेथे जाणाऱ्यांची संख्या खूप वाढली, परंतु तोपर्यंत पूर्वेकडे ४९५ परत आला होता.

त्यामुळे दोन क्रमांक आहेत म्हणून जे नाक मुरडतात, त्यांनी एकच क्रमांक असतानाचा गोंधळ पाहिलेला नाही, असे माझे मत आहे.

नवखा_प्रवासी

सर्वांचे आभार. म्हणजे माझ्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटला. आता मुख्य प्रश्न असा की शहरातला रस्ता रद्द का झाला? पैसा नव्हता काय?

ताकोमाकर

पैसा भरपूर होता. १९५६ च्या कायद्यानुसार आंतरराज्य महामार्गाच्या खर्चाचा नव्वद टक्के भाग केंद्र सरकार देत असे, त्यामुळे रस्ता नको म्हणणे हे कोणत्याही शहराला परवडणारे नव्हते. तरीही वॉशिंग्टनने नको म्हटले, किंवा अधिक अचूक सांगायचे तर वॉशिंग्टनच्या रहिवाशांनी म्हटले, कारण त्या काळी या शहराला स्वतःचे निवडून आलेले सरकारच नव्हते आणि शहराचा कारभार काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समित्या पाहत होत्या.

ईशान्येकडचा जो फ्रीवे बेतात होता, तो रेल्वेमार्गाला लागून ब्रुकलँड आणि टाकोमा या वस्त्यांतून जाणार होता. ब्रुकलँडमधील कितीतरी घरे त्यासाठी सरकारने ताब्यातही घेतली होती. या वस्त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांनी आणि टाकोमा पार्कमधील गोऱ्या रहिवाशांनी मिळून इमर्जन्सी कमिटी ऑन द ट्रान्सपोर्टेशन क्रायसिस नावाची समिती उभी केली. रेजिनाल्ड बुकर हे तिचे अध्यक्ष आणि सॅमी ॲबट हे प्रसिद्धीप्रमुख होते. ॲबट व्यवसायाने चित्रकार होते आणि “गोऱ्यांचे रस्ते, काळ्यांच्या घरांतून” या घोषणेचे त्यांनी केलेले भित्तिपत्रक फार गाजले. हेच ॲबट पुढे १९८० मध्ये टाकोमा पार्कचे महापौर झाले.

लढाई रस्त्यावर होती तशीच न्यायालयातही होती. १९६८ च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाने, शहराच्या कायद्यात सांगितलेली नियोजनाची आणि जनसुनावणीची पद्धत पाळली नाही, या कारणाने अनेक फ्रीवे प्रकल्प थांबवले. त्यावर काँग्रेसने त्याच वर्षी नवा कायदा करून हे रस्ते बांधाच असे फर्मावले. केंटकीचे प्रतिनिधी विल्यम नॅचर यांच्याकडे शहराच्या निधीच्या समितीची सूत्रे होती. जोपर्यंत पोटोमॅकवरचा थ्री सिस्टर्स पूल बांधला जात नाही तोपर्यंत मेट्रो रेल्वेचा निधी सोडणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९७१ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या प्रतिनिधी सभागृहाने मतदान करून ही अडवणूक मोडून काढली. तो पूलही झाला नाही आणि ईशान्येचा फ्रीवेही झाला नाही.

पोटोमॅककाठ

ताकोमाकर यांनी एक दुवा राहू दिला आहे, तो जोडतो. १९७३ च्या कायद्याने, नको असलेल्या आंतरराज्य महामार्गाचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळवण्याची मुभा शहरांना दिली. वॉशिंग्टनने तिचा पुरेपूर उपयोग केला आणि रद्द झालेल्या रस्त्यांचे पैसे मेट्रोला मिळाले. मेट्रोचा पहिला टप्पा १९७६ च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि १९७८ साली रेड लाइन सिल्व्हर स्प्रिंगला पोहोचली. ही लाइन ब्रुकलँड, फोर्ट टॉटन आणि टाकोमा या स्थानकांवरून त्याच रेल्वेमार्गाला लागून जाते. ज्या पट्ट्यातून महामार्ग न्यायचा होता, त्याच पट्ट्यातून रोज हजारो माणसे आज रेल्वेने जातात.

सरळमार्गी

हा सगळा इतिहास एका बाजूने सांगितला जात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. शहरातील घरे वाचली, याचा मलाही आनंद आहे. परंतु फ्लोरिडाहून मेनकडे जाणारे मालट्रक रस्ता रद्द झाल्याने नाहीसे झाले नाहीत. ते बेल्टवेच्या पूर्व भागावर आले. विल्सन पूल दिवसाला सुमारे ७५,००० वाहनांच्या हिशेबाने सहा लेनचा बांधलेला होता. दोन्ही बाजूंचा बेल्टवे आठ लेनचा झाला, पूल सहाच लेनचा राहिला आणि शतकाच्या शेवटी त्यावरून दिवसाला दोन लाखांच्या आसपास वाहने जात होती. त्यात तो उघडणारा पूल! उंच जहाज आले की पूर्व किनाऱ्याचा मुख्य महामार्ग थांबायचा. ब्रुकलँडने जे नाकारले ते पुलाच्या दोन टोकांच्या ऑक्सन हिल आणि अलेक्झांड्रियाच्या लोकांनी सोसले, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

क्रमांक बदलणे हा तर कागदावरचा उपाय होता. जो रस्ता शहराच्या स्थानिक वाहतुकीसाठी आणि वळशासाठी बांधला, त्यावर एका रात्रीत राष्ट्रीय मुख्य मार्गाची पाटी लावली आणि प्रश्न सुटला असे जाहीर केले.

ताकोमाकर

सरळमार्गी यांनी पुलाविषयी दिलेली माहिती रास्त आहे, निष्कर्ष पटत नाही. दूरचे ट्रक शहराच्या मधोमध आणणे हा कोणत्याच काळात शहाणपणा नव्हता. वळसा त्यासाठीच असतो. दोष रस्ता रद्द करण्याचा नव्हे, रद्द केल्यानंतर तीन दशके पुलाकडे दुर्लक्ष करण्याचा आहे. नव्या पुलाचा पहिला भाग २००६ मध्ये आणि दुसरा २००८ मध्ये खुला झाला. तो बारा लेनचा आहे, दूरच्या आणि स्थानिक वाहतुकीसाठी त्यावर वेगळ्या लेन आहेत आणि पाण्यापासूनची उंची ५० फुटांवरून ७० फुटांवर नेल्यामुळे तो पूर्वीपेक्षा फार कमी वेळा उघडावा लागतो. हे काम १९८० मध्ये झाले असते तर तुमची तक्रारच उरली नसती.

सरळमार्गी

झाले असते, पण झाले नाही. धोरणाचे मूल्यमापन जे झाले त्यावरून करायचे असते.

मोजपट्टी

वाद चालू राहू द्यावा, मात्र एक गंमत लक्षात आणून देतो. पूर्वेकडून जाणारा ९५ हा जवळचा मार्गच नाही! मेरीलँडमधील एक्झिटचे क्रमांक मैलांवर बेतलेले आहेत. मोजणी विल्सन पुलापाशी, राज्याच्या सीमेवर सुरू होते, आणि कॉलेज पार्कचा एक्झिट २७ आहे. त्यात व्हर्जिनियातील सुमारे आठ मैल मिळवले की स्प्रिंगफील्ड ते कॉलेज पार्क हे अंतर पूर्वेकडून साधारण ३५ मैल भरते. एकूण ६४ मैलांतून ते वजा केले तर पश्चिमेकडून साधारण २९ मैलच उरतात. म्हणजे दूरच्या प्रवाशाला पाटीवर विश्वास ठेवण्याची किंमत सहा मैल पडते.

मेथीची_जुडी

त्या सहा मैलांवर जाऊ नका! पश्चिमेकडे टायसन्स आणि बेथेस्डाची कार्यालये आहेत, २७० आणि ६६ हे महामार्ग तिकडेच मिळतात आणि अमेरिकन लीजन पुलावर संध्याकाळी जे होते ते पाहून पूर्वेचा वळसा सोयीचाच वाटतो. व्हर्जिनियाने २०१२ च्या नोव्हेंबरात स्प्रिंगफील्डपासून टायसन्सच्या पुढपर्यंत सुमारे १४ मैलांच्या टोल लेन सुरू केल्या, ज्यांचा दर गर्दीप्रमाणे वाढतो. गाडीत तिघे असले आणि योग्य ट्रान्सपाँडर (टोलची नोंद करणारे उपकरण) असला तर टोल लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात सासूबाईंना मंदिराखेरीज इतरत्रही आग्रहाने सोबत नेण्याची प्रथा तेव्हापासूनच पडली.

पुणेरी_पाटी

टोल वाचवण्यासाठी नात्यांतील दुरावा मिटतो, हे या धाग्यातून मिळालेले पहिले उपयुक्त ज्ञान आहे.

नवखा_प्रवासी

मोजपट्टी, तुमच्या प्रतिसादामुळे मेरीलँडचे २, ३, ४ समजले. व्हर्जिनियात १७७ कुठून आले? आणि रेडिओवर वाहतुकीच्या बातम्यांत “इनर लूप” आणि “आउटर लूप” म्हणतात, ते दोन निरनिराळे रस्ते आहेत काय? मी नकाशात दुसरे वर्तुळ शोधत होतो.

मोजपट्टी

दुसरे वर्तुळ नाही. एकाच रस्त्याच्या त्या दोन दिशा आहेत. पूर्ण वर्तुळावर उत्तर-दक्षिण सांगण्यात अर्थ नसतो, कारण एकाच दिशेने जाणारी गाडी स्प्रिंगफील्डला पूर्वेकडे, ऑक्सन हिलपुढे उत्तरेकडे आणि सिल्व्हर स्प्रिंगला पश्चिमेकडे जात असते. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणाऱ्या लेन आतल्या बाजूला येतात, ती इनर लूप. उलट दिशेने जाणाऱ्या बाहेरच्या बाजूला येतात, ती आउटर लूप. भारतातून नव्याने आलेल्यांचा येथे हमखास घोळ होतो, कारण डावीकडून चालणाऱ्या आपल्या वाहतुकीत हे नेमके उलट झाले असते. पूर्व भागातील आय-९५ ची उत्तरेकडची दिशा म्हणजे आउटर लूप, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

आता १७७. स्प्रिंगफील्ड ते विल्सन पूल या भागात व्हर्जिनियाने आय-९५ ची मोजणी वापरली आहे, जी नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेपासून सुरू होते. म्हणून तेथे १७० ते १७७ असे क्रमांक दिसतात. पश्चिम भागात मात्र ९५ नाही, त्यामुळे तेथे मेरीलँडची बेल्टवेची मोजणी तशीच पुढे चालू ठेवली आहे : मेरीलँडचा शेवटचा एक्झिट ४१, पुलापलीकडे व्हर्जिनियाचा पहिला ४३, आणि असे करत स्प्रिंगफील्डला ५७. एकाच इंटरचेंजला, म्हणजे महामार्गांच्या जोडणीला, त्यामुळे ५७ आणि १७० असे दोन क्रमांक मिळाले आहेत. आउटर लूपने पूर्ण फेरी मारली तर क्रमांक २ पासून ५७ पर्यंत चढत जातात, मग एकदम १७० च्या घरात उडी मारतात आणि नदीवर पुन्हा शून्यावर येतात. तुमच्या घराजवळचा विचित्रपणा हा १९७७ च्या निर्णयाचाच अवशेष आहे. तो निर्णय झाला नसता तर या भागावर ९५ आला नसता आणि त्याची मोजणीही आली नसती.

पोटोमॅककाठ

स्प्रिंगफील्डच्या त्या इंटरचेंजला स्थानिक लोक मिक्सिंग बोल म्हणतात. १९९९ ते २००७ अशी आठ वर्षे त्याची पुनर्बांधणी चालली होती. सरळ जाणाऱ्या ९५ ला उजवीकडे वळावे लागते, हे त्या गुंत्याचे एक मोठे कारण होते, कारण ते ठिकाण ९५ वळवण्याच्या हिशेबाने कधी आखलेलेच नव्हते. कॉलेज पार्कलाही तीच अवस्था. बाल्टिमोरकडून येणारा ९५ हा १९७१ साली बेल्टवेपर्यंत येऊन थांबला आणि तेथील इंटरचेंजची आखणी आजही सांगते की रस्ता पुढे शहरात जायचा होता.

सरळमार्गी

माझा मूळ मुद्दा कायम ठेवून एक सूचना करतो. दोन्ही क्रमांक ठेवायचे असतील तर ठेवावेत, मात्र व्हर्जिनियाने आठ मैलांसाठी वेगळी मोजणी ठेवण्यात काय साधले? संपूर्ण वर्तुळाला एकच मोजणी दिली असती तर अपघाताची जागा सांगणेसुद्धा सोपे झाले असते.

मोजपट्टी

मग त्या आठ मैलांवर आय-९५ च्या मोजणीत खंड पडला असता, आणि रिचमंडहून येणाऱ्याने १६९ नंतर एकदम ५७ च्या पुढचे आकडे पाहून नवखा_प्रवासी यांच्यासारखाच धागा काढला असता. दोन रस्ते एका जागेवर आले की एकाची मोजणी मोडावीच लागते. मेरीलँडला योगायोगाने दोन्ही मोजण्या एकाच ठिकाणी सुरू करता आल्या, म्हणून तेथे प्रश्न आला नाही. तेथेही कॉलेज पार्कपुढे दोन रस्ते फुटतात आणि दोन्हींवर एक्झिट २९ आहे : एक बेल्टवेवर युनिव्हर्सिटी बुलेव्हार्डचा आणि दुसरा ९५ वर कॅल्व्हर्टनकडचा.

नवखा_प्रवासी

पुढच्या आठवड्यात न्यू जर्सीहून पाहुणे येणार आहेत आणि त्यांना टायसन्सला भेटायचे आहे. त्यांना काय सांगावे?

मेथीची_जुडी

त्यांना सांगा, की कॉलेज पार्कला ९५ ची पाटी सोडून सिल्व्हर स्प्रिंगकडे जाणारा ४९५ धरावा, एक्झिटचे आकडे २८ पासून चढत गेले पाहिजेत, ४१ नंतर पूल लागेल आणि टायसन्ससाठी ४६ किंवा ४७ ला उतरावे. आकडे उतरू लागले तर ते इनर लूपवर ऑक्सन हिलकडे निघाले आहेत, असे समजून पुढच्या एक्झिटला गाडी फिरवावी. आणि दुपारी तीननंतर निघणार असतील तर जेवण करूनच यायला सांगा.